अडकलेला आटा: एअर रायफलच्या आवरणनळीचा सांधा आणि कारखानी मराठीतील क्रियापदे

१. विषय आणि त्याची मर्यादा

यंत्रविषयक मराठी परिभाषेची चर्चा बहुधा नामांपाशी थांबते. अमुक इंग्रजी संज्ञेला कोणते मराठी नाम द्यावे, ते संस्कृतोद्भव असावे की बोलीतून घ्यावे, हाच वाद पुनःपुन्हा होत आला आहे. दाते-कर्वे ह्यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ साली निघाला. १९६० मध्ये राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे विषयवार परिभाषा कोशांची मालिका सिद्ध झाली. ह्या सर्व उद्योगाचे मोल मान्य करूनही एक उणीव ध्यानात घ्यावयास हवी. यंत्राचे ज्ञान भागांच्या नावांत जेवढे असते तेवढेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या भागांवर होणाऱ्या क्रियांत असते; आणि क्रियांची परिभाषा म्हणजे क्रियापदांची परिभाषा होय.

हे विधान पारखण्यासाठी येथे एक अगदी अरुंद विषय घेतला आहे. एअर रायफलच्या नळीभोवती जी दुसरी, आट्यांनी बसवलेली बाह्य नळी असते, ती अडकून बसल्यास कशी सोडवावी, एवढाच तो विषय. नेमबाज तिला इंग्रजी नावाने ‘श्राउड’ म्हणतात. ह्या लेखात तिला ‘आवरणनळी’ म्हटले आहे. विषय लहान असला तरी चुकीच्या शब्दाने चुकीची कृती घडते आणि चुकीच्या कृतीने महागडी वस्तू, प्रसंगी हातही, जायबंदी होतो, ही गोष्ट येथे स्पष्टपणे दाखवता येते.

२. मुळशीचे हवामान आणि नेमबाजीचे हत्यार

मुळशी तालुक्याच्या पूर्व कडेला म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा येथे झाल्या. म्हाळुंगे हे मुळशी तालुक्यातील गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. संकुलातील नेमबाजी केंद्रामुळे ह्या परिसरात एअर रायफल ही वस्तू नवलाची राहिलेली नाही. महाराष्ट्राने ह्या क्रीडाप्रकारात सातत्याने नाव मिळवले आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुमा शिरूर ह्या दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. २०२२ मध्ये कैरो येथे रुद्रांक्ष पाटील ह्याने ह्याच प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले.

त्याच तालुक्याची पश्चिम बाजू मात्र सह्याद्रीच्या माथ्याला भिडते. ताम्हिणीचा घाट हा राज्यातील अतिपावसाच्या स्थळांपैकी एक. पूर्वेकडे येता येता पाऊस झपाट्याने कमी होतो; तरीही जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत हवेतील दमटपणा सर्वत्र असतो. रायफल पेटीत ठेवली जाते, पेटीत आतून स्पंज असतो, आणि एकदा ओलसर झालेला स्पंज आपली ओल कित्येक दिवस सोडत नाही. सरावाहून परतताना भिजलेली पेटी तशीच बंद राहिली, तर आतील धातूंवर त्या ओलीचे काम चालूच राहते.

आता हत्याराचा भाग. स्पर्धेच्या एअर रायफलची मूळ नळी पोलादी असते आणि तिचा व्यास ४.५ मिलिमीटर असतो. तिच्याभोवतीची आवरणनळी पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. ती नळीचे रक्षण करते, तिला हवे तेवढे वजन आणि लांबी देते, आणि काही रायफलींत तिच्याच पुढच्या टोकावर नेम धरण्याची माशी बसवलेली असते. ही आवरणनळी बहुधा मागच्या टोकाशी, तर कधी तोंडाशी, आट्यांनी घट्ट केलेली असते.

तिच्या सरळपणाचे महत्त्व एका साध्या गणिताने कळते. माशी आणि डोळ्याजवळील दर्शक ह्यांत ८०० मिलिमीटर अंतर आहे असे धरले, तर माशी ०.१ मिलिमीटरने हलल्यास दहा मीटरवरील नेम सुमारे १.२५ मिलिमीटरने सरकतो. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटरचा असतो आणि प्रत्येक वलयाची रुंदी २.५ मिलिमीटर असते. म्हणजे केसाहून थोड्या अधिक जाडीइतकी हालचाल अर्ध्या वलयाची चूक घडवते. कायमचा सरकलेला नेम दर्शक फिरवून सुधारता येतो. पण वेडीवाकडी झालेली आवरणनळी दर वेळी निराळी बसू लागली, तर तिला इलाज नाही. आवरणनळी जोर लावून सोडवताना नेमका हाच धोका असतो.

३. आटा धरून का ठेवतो?

आटा म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला चढ. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळला की त्याच्या तिरप्या कडेने आट्याचा आकार दिसतो. ‘मळसूत्र’ हा जुना मराठी शब्द ह्याच वळत जाणाऱ्या आकृतीचा निर्देश करतो. म्हणूनच गोल फिरत वर जाणाऱ्या जिन्यासही ‘मळसूत्री जिना’ म्हणतात. ‘पेच’ हा फारसीतून आलेला शब्द पीळ दाखवतो आणि कुस्तीच्या आखाड्यापासून राजकारणापर्यंत संचार करतो. कारखान्यात मात्र ‘आटे’ हाच शब्द चालतो: आटे पाडणे, आटे बसणे, आटे झिजणे, आटे जाणे.

चढ जितका मंद तितका त्यावर ठेवलेला भार आपोआप घसरण्याचा संभव कमी. १६ मिलिमीटर व्यासाच्या आणि एका फेऱ्यात १ मिलिमीटर पुढे सरकणाऱ्या आट्याचा चढ सुमारे १.२ अंश भरतो. कोरड्या धातूंमधील सामान्य घर्षण धरले, तर अशा आट्यावर भार घसरण्यास सुमारे १० अंशांचा चढ लागेल. एवढ्या तफावतीमुळेच आवळलेला सांधा हात काढल्यावरही आवळलेलाच राहतो.

ह्यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो ह्या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आवळताना भार चढावरून वर ढकलावा लागतो. सोडवताना तो उतारावरून खाली आणावयाचा असतो. घर्षण दोन्ही वेळा विरोध करते, पण चढ एकदा विरोधात असतो आणि एकदा मदतीला. वरील आकड्यांनी हिशेब केला, तर आट्यापुरता सोडवण्याचा जोर आवळण्याच्या जोराच्या पाऊण हिश्श्याच्या आसपास येतो. खांद्यावरील घर्षण जमेस धरल्यास हे प्रमाण थोडे वाढते, तरी ते पूर्णांकाच्या आतच राहते. म्हणून हाताने आवळलेली आवरणनळी जर हाताने सुटत नसेल, तर आवळल्यानंतर त्या सांध्यात काही तरी नवे घडले आहे, असा तर्क करणे भाग पडते. अशा वेळी किती जोर लावावा हा प्रश्न दुय्यम होय. काय घडले हा पहिला.

४. ‘अडकले’ ह्या एका शब्दाखाली लपलेल्या अवस्था

सुशिक्षित बोलण्यात ‘अडकले’ किंवा ‘निघत नाही’ एवढेच सांगून काम भागवले जाते. दुरुस्तीच्या टेबलाजवळची भाषा अधिक नेमकी आहे. तेथे निरनिराळ्या कारणांना निरनिराळी क्रियापदे लागतात, आणि प्रत्येक क्रियापदाबरोबर उपाय बदलतो.

पहिली अवस्था ‘आवळला गेला आहे’ ही. येथे दोष फक्त अतिजोराचा. सांधा स्वच्छ आहे, पण बांधणाऱ्याने हाताऐवजी पाना वापरला आहे. ‘आवळणे’ ह्या क्रियापदात कर्त्याचा हात गृहीत असतो. कर्मणी रचनेतही तो अदृश्यपणे उपस्थित राहतो.

दुसरी अवस्था ‘गंजून बसला आहे’ ही. ‘बसणे’ हे अकर्मक क्रियापद असून त्यात काळ हा कर्त्यासारखा वागतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम हे दोन भिन्न धातू एकमेकांस चिकटून असता मध्ये खारट ओल आली, की एक लहानसा विद्युत्घट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. घामाने भिजलेला हात आणि पावसाळी हवा ह्यांतून ती ओल सहज मिळते. झिजलेल्या धातूची जी पांढुरकी भुकटी बनते, तिला मूळ धातूपेक्षा अधिक जागा लागते. आट्यांच्या फटीत जागा नसल्याने ती भुकटी पाचर मारल्याप्रमाणे दोन्ही बाजूंस दाब देते. पोलादावरच्या तांबड्या गंजाचेही असेच. येथे मराठीची एक अडचण दिसते. ‘गंज’ ह्या शब्दाने तांबडा रंग डोळ्यांपुढे येतो. पांढऱ्या भुकटीला कोणी सहसा गंज म्हणत नाही, आणि म्हणून ॲल्युमिनियम ‘गंजत नाही’ अशी समजूत दृढ झाली आहे. शब्दाच्या व्याप्तीने केलेली ही दिशाभूल आवरणनळीच्या बाबतीत प्रत्यक्ष नुकसान करते.

तिसरी अवस्था ‘चिकटला आहे’ ही. आटे आपोआप सैल होऊ नयेत म्हणून कारखान्यातच त्यांवर पातळ द्रव लावतात. हा द्रव हवेचा संपर्क तुटला आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. ह्याचे मध्यम प्रकार साध्या हत्यारांनी सुटतात; तीव्र प्रकार सुटण्यास सांधा सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो.

चौथी अवस्था ‘सीझ झाला आहे’ ही. हा शब्द मोटारीच्या इंजिनामुळे खेड्यापाड्यांत पोहोचला आहे आणि त्याला पर्याय शोधण्याची गरज कोणाला भासलेली नाही. दोन धातू दाबाखाली कोरडे घासले गेले, की त्यांचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांत रुततात, तुटतात आणि पुन्हा जुळतात. मऊ ॲल्युमिनियममध्ये हे फार लवकर होते. ‘गंजून बसणे’ आणि ‘सीझ होणे’ ह्यांतील भेद काळाचा आहे: पहिली क्रिया वस्तू स्थिर असता घडते, दुसरी ती फिरत असता. पहिल्या अवस्थेत धीराने फिरवणे उपकारक ठरते. दुसऱ्या अवस्थेत प्रत्येक अंश अधिक घात करतो.

पाचवी अवस्था ‘आटे तिरके चढले आहेत’ ही. जोडतानाच पहिला आटा दुसऱ्याच्या खोबणीत शिरला, किंवा इंचाच्या आट्यावर मिलिमीटरचा आटा लावला गेला. भारतात दशमान मापनाचा कायदा १९५६ साली झाला, तरी इंचाचे आटे व्यवहारातून गेले नाहीत आणि एक अष्टमांश इंचासाठी ‘सूत’ हे माप आजही कारागिरांच्या तोंडी आहे. दोन मापपद्धतींच्या ह्या सहवासातून तिरक्या आट्यांचे पुष्कळ प्रकार उद्भवतात.

ह्या पाचांखेरीज एक सहावी शक्यता नेहमी लक्षात ठेवावी लागते: वस्तू अडकलेलीच नाही, ती अडवलेली आहे. आवरणनळीच्या बाजूस एखादा बारीक ग्रब स्क्रू असतो, त्यावर काळा रंग चढलेला असतो, आणि तो न काढता नळी फिरवणे म्हणजे त्या स्क्रूने आटे कापून काढणे होय. ‘अडकणे’ आणि ‘अडवणे’ ह्या जोडीत मराठीने अकर्तृक आणि सकर्तृक अवस्थांचा भेद एका प्रत्ययाच्या अंतरावर ठेवला आहे. तपासणी करणाऱ्याने तो भेद आधी निकालात काढावा.

५. दिशा सांगणाऱ्या शब्दांचा घोटाळा

कारण कळले तरी दुसरा प्रश्न उरतो: फिरवावयाचे कोणीकडे? ‘उजवीकडे फिरवा’ ही सूचना वर्तुळाला लागू पडत नाही, कारण वर्तुळाचा वरचा बिंदू उजवीकडे जातो तेव्हा खालचा डावीकडे जात असतो. ‘घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने’ ही सूचना अधिक नेमकी खरी, पण घड्याळ कोणत्या बाजूने पाहावयाचे हे तीत सांगितलेले नसते.

रायफलच्या बाबतीत ही उणीव विशेष नडते. नेमबाजाला आपले हत्यार मागून, म्हणजे दस्त्याच्या बाजूने, पाहण्याची सवय असते. साधे, म्हणजे सुलटे, आटे असलेली आवरणनळी तोंडाच्या बाजूने पाहणाऱ्याला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवली असता आवळली जाते. तीच क्रिया दस्त्याच्या बाजूने पाहणाऱ्याला काट्यांच्या विरुद्ध दिसते. परिणामी, ‘सोडवताना काट्यांविरुद्ध’ हा पाठ केलेला नियम दस्त्याच्या बाजूने लावणारा मनुष्य सारा जोर आवळण्यात खर्च करतो, आणि पहिली साधी अवस्था चौथीत रूपांतरित करतो. शिवाय काही जोड उलट्या आट्यांचे असतात. सायकलच्या डाव्या पायट्याचे आटे उलटे असतात हे सर्वपरिचित उदाहरण होय.

शास्त्रीय मराठीत ह्यासाठी ‘सव्य’ आणि ‘अपसव्य’ हे शब्द रूढ आहेत. मराठी विश्वकोशातील लेखांत ‘सव्य’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. संस्कृतात मात्र ‘सव्य’ म्हणजे प्राधान्येकरून डावा. डाव्या हातानेही बाण सोडणारा म्हणून अर्जुन सव्यसाची ठरला. धनुर्धराचे विशेषण ज्या शब्दापासून बनले, त्याच शब्दाने बंदुकीच्या आट्याची दिशा सांगताना अर्थ जवळजवळ उलटा व्हावा, ही गोष्ट परिभाषाकारांनी विसरण्याजोगी नाही. ह्यावर सोपा उपाय असा की दिशेबरोबर पाहणाऱ्याचे स्थानही वाक्यात सांगावे: ‘आवरणनळी जेथून निघून येणार त्या टोकाकडून पाहता, काट्यांच्या विरुद्ध’. वाक्य लांबते, पण संदिग्धता उरत नाही.

६. सोडवण्याचा क्रम

पहिली पायरी सुरक्षिततेची. नळीत छर्रा नाही ह्याची खात्री करावी. हवेचे नळकांडे काढून दूर ठेवावे आणि आत उरलेली हवा सोडून द्यावी. स्पर्धेच्या रायफलींच्या नळकांड्यात सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दोनशे पट, दाब असतो. अशा नळकांड्याजवळ उष्णता नेणे जिवावर बेतू शकते. त्यानंतरच सर्व बाजूंनी तपासणी करून ग्रब स्क्रू आणि आट्यांची दिशा निश्चित करावी.

दुसरी पायरी पकडीची, आणि बहुतेक नुकसान येथेच होते. आवरणनळी पातळ असते. तिला शेगड्याच्या सपाट जबड्यांत दाबले की तिचा वर्तुळाकार छेद लंबगोल होतो आणि आतील आट्यांवर दोन ठिकाणी चिमटा बसतो. पकड जितकी घट्ट तितका सांधाही घट्ट, असा हा विपरीत न्याय आहे. पाइप पाना लावल्यास हेच होऊन वर दातांचे व्रणही उमटतात. ह्याऐवजी सागाच्या दोन ठोकळ्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून ते एकत्र आवळावेत, आवरणनळीच्या व्यासाएवढे भोक पाडावे आणि मग पुठ्ठा काढून टाकावा. आता ठोकळे नळीला सर्व बाजूंनी सारखे धरतात. भोकात राळेची पूड भुरभुरवली की घसरणे थांबते. चामड्याच्या किंवा रबरी पट्ट्याचा पानाही ह्याच तत्त्वावर चालतो.

दुसरे टोक कोठे धरावे, ह्याला तेवढेच महत्त्व आहे. रायफलची चौकट धरून आवरणनळी पिळली, तर पिळाचा जोर नळी आणि चौकट ह्यांच्या जोडातून जातो आणि न सोडवावयाचा जोड आधी हलतो. शक्य असेल तेथे मूळ नळीच, सांध्याच्या अगदी जवळ, लाकडी किंवा तांब्याच्या पत्र्याच्या अस्तरात धरावी. जोर फक्त इष्ट सांध्यातूनच जावा, हा नियम.

तिसरी पायरी प्रत्येक अवस्थेप्रमाणे निराळी. केवळ आवळल्या गेलेल्या सांध्यास चांगली पकड आणि एक नेमका झटका पुरतो. संथपणे वाढवलेल्या जोरापेक्षा अल्पकालीन झटका घर्षण अधिक सहजतेने मोडतो. गंजून बसलेल्या सांध्यास वेळ द्यावा लागतो. फटीत शिरणारे पातळ तेल सांध्याच्या कडेला सोडून एक रात्र थांबावे. कारागीर ह्यासाठी रॉकेल वापरतात. तेल भुकटी विरघळवत नाही. ते सूक्ष्म फटींतून आपोआप ओढले जाते आणि कणांना एकमेकांवर सरकू देते. नंतर लाकडी हातोडीने सभोवार हलके ठोके द्यावेत, आवरणनळी प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडवण्याच्या दिशेने हलवावी. पहिल्या उलट हालचालीने भुकटीची पाचर मोडते, असा ह्या क्रमाचा हेतू आहे.

चौथी पायरी उष्णतेची. ॲल्युमिनियम दर अंशामागे लांबीच्या दशलक्षांश २३ भागांनी प्रसरण पावते. पोलाद सुमारे ११ ते १२ भागांनी. १६ मिलिमीटर व्यासाचा सांधा ३० अंशांवरून १०० अंशांवर नेला, तर दोहोंच्या प्रसरणातील फरक सुमारे ०.०१३ मिलिमीटर भरतो. बाहेरची नळी झटपट तापवली आणि आतील पोलाद तोवर थंड राहिले, तर हा लाभ त्याच्या दुप्पट होतो. म्हणून उष्णता त्वरेने, बाहेरून आणि सर्वत्र सारखी द्यावी; गरम हवेचे यंत्र ह्यासाठी योग्य, ज्योत अयोग्य. मर्यादा शंभर अंशांच्या आसपास ठेवावी. त्यापुढे आतील रबरी कड्या बिघडू लागतात, आणि आणखी वर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला दिलेले पाणी उतरू लागते. तेल आणि उष्णता एकाच वेळी वापरू नये; रॉकेलची वाफ चाळीस अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. तेल आधी वापरले असल्यास ते पूर्णपणे पुसून आणि उडून गेल्यावरच उष्णता द्यावी. आणि बाहेरचा भाग पोलादी, आतला ॲल्युमिनियमचा असेल, तर हा सारा न्याय उलटतो: तेथे उष्णतेने सांधा अधिक आवळतो.

ह्यावरून तीव्र चिकटद्रव्याने जोडलेला सांधा घरी का सोडवू नये, हेही स्पष्ट होते. त्याला लागणारे २५० अंश हे आवरणनळीला सोसणाऱ्या उष्णतेच्या कितीतरी पलीकडचे आहेत. सीझ झालेल्या आणि तिरक्या चढलेल्या आट्यांचेही असेच. थोडे फिरून जोर वाढू लागला, किंवा करकर आवाज येऊ लागला, की थांबणे हाच उपाय. अशा वेळी नळीपेक्षा आवरणनळी स्वस्त हा हिशेब ध्यानी घेऊन ती लेथवर कापून काढण्याचा निर्णय जाणत्या कारागिराने करावा.

सांधा सुटल्यावर काम संपत नाही. दोन्ही बाजूंचे आटे ब्रशने आणि कापडाने कोरडे करून त्यांवर ग्रीजचा पातळ लेप द्यावा. तो भिन्न धातूंमधील ओलीला अडथळा होतो. पुन्हा जोडताना पहिले दोन फेरे बोटांनीच द्यावेत, आणि पावसाळ्यात पेटीचे झाकण उघडे ठेवून स्पंज वाळू द्यावा.

७. निष्कर्ष

वरील विवेचनात एक क्रम सर्वत्र दिसतो. निदान हे क्रियापदात असते आणि उपाय त्यातून निघतो. आवळला असेल तर झटका, बसला असेल तर तेल आणि वेळ, चिकटला असेल तर उष्णतेचा विचार, सीझ झाला असेल तर थांबणे, तिरका चढला असेल तर कारागीर, अडवला असेल तर अडवणारा स्क्रू. ‘आटा’ ह्या नामाला ‘मळसूत्र’ म्हटले काय किंवा ‘थ्रेड’ म्हटले काय, वरील सहा निर्णयांत त्याने काहीच फरक पडत नाही. क्रियापद चुकले तर मात्र नळी वाकते.

परिभाषेच्या कार्याला ह्यातून दोन सूचना मिळतात. पहिली अशी की ‘सीझ होणे’ किंवा ‘जाम होणे’ ह्यांसारख्या संयुक्त क्रियापदांना परकी घटकामुळे कोशाबाहेर ठेवणे योग्य नव्हे; त्यांनी व्यापलेली अर्थाची जागा मराठीत दुसऱ्या कोणत्याही शब्दाने व्यापलेली नाही. दुसरी अशी की ‘गंज’ ह्यासारख्या शब्दाचा अर्थविस्तार जाणीवपूर्वक घडवावा लागेल. ‘पांढरा गंज’ हा साधा शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकांत रुजला, तर ॲल्युमिनियमविषयीची समजूत दुरुस्त होण्यास मोठी मदत होईल.

पदव्युत्तर अभ्यासकांना येथे क्षेत्रकार्यास वाव आहे. लेथवाला, सायकल दुरुस्त करणारा, नळजोडणी करणारा आणि बंदुकीचा कारागीर हे आट्यांविषयी कोणती क्रियापदे वापरतात, त्यांतील कोणती कारण सांगतात व कोणती केवळ परिणाम, आणि कोणती दिशा सांगताना पाहणाऱ्याचे स्थान गृहीत धरतात, ह्याची तालुकावार नोंद झाली पाहिजे. मुळशीसारखा तालुका, जेथे एका टोकाला घाटातील पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कारखाने व क्रीडासंकुल आहे, अशा नोंदीस आरंभ करण्यास सोयीचा ठरेल. नोंद नामांपासून सुरू करण्यास हरकत नाही. ती तेथे थांबू नये, इतकेच.